प्रस्तावना : अपत्यजन्माचा निर्णय आणि स्त्रियांची चळवळ

१

मूल व्हावे की न व्हावे, व्हायचे तर केव्हा आणि किती, राहिलेला गर्भ वाढवावा की काढून टाकावा, हे ठरवण्याचा स्त्रीचा अधिकार, आणि तो बजावताना तिचा जीव, तिची अब्रू किंवा तिचे पोट यांपैकी काहीही पणाला लागू नये अशी परिस्थिती मिळण्याचा अधिकार, या दोहोंना मिळून प्रजनन-हक्क म्हटले जाते. १९९४ साली कैरो येथे भरलेल्या लोकसंख्या व विकास परिषदेत या संकल्पनेला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. परंतु तिच्यात सामावलेले प्रश्न त्याहून पुष्कळ जुने आहेत, आणि पश्चिम भारतात तर ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून न्यायालयांत, वृत्तपत्रांत आणि दवाखान्यांत उघडपणे लढवले गेले आहेत.

युरोप-अमेरिकेतला या चळवळीचा इतिहास बहुधा गर्भपाताच्या कायद्याभोवती सांगितला जातो. फ्रान्समध्ये १९७१ साली ३४३ स्त्रियांनी आपण गर्भपात केला असल्याचे जाहीर निवेदनाद्वारे सांगितले आणि १९७५ मध्ये तेथे गर्भपाताला कायद्याने परवानगी मिळाली. आयर्लंडमध्ये २०१८ च्या सार्वमताने आणि अर्जेंटिनामध्ये हिरवे रुमाल बांधून रस्त्यावर उतरलेल्या लाखो स्त्रियांच्या आंदोलनानंतर २०२० च्या डिसेंबरात तेच घडले. उलट अमेरिकेत १९७३ साली मिळालेले संवैधानिक संरक्षण २०२२ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयानेच काढून घेतले. या सर्व ठिकाणी आधी चळवळ झाली आणि मग तिच्या रेट्याने कायदा झाला, किंवा मिळालेला कायदा टिकवण्यासाठी पुन्हा चळवळ उभी राहिली. भारतात हा क्रम उलटा आहे. येथे गर्भपाताला परवानगी देणारा कायदा १९७१ साली, स्त्रियांनी त्यासाठी मोर्चे काढण्यापूर्वीच, डॉक्टर आणि लोकसंख्यातज्ज्ञांच्या पुढाकाराने झाला. स्वायत्त स्त्री-चळवळ त्यानंतर उभी राहिली, आणि तिने या क्षेत्रात जी पहिली मोठी लढाई दिली ती गर्भपाताच्या एका विशिष्ट वापराविरुद्ध, म्हणजे मुलीचा गर्भ ओळखून काढून टाकण्याविरुद्ध होती. हा उलटा क्रम का पडला आणि त्यातून चळवळीला कोणता विचार घडवावा लागला, हे समजून घेतल्याशिवाय आजचे वाद समजत नाहीत. म्हणून प्रस्तुत विवेचनाचा रोख त्या प्रश्नावर आहे.

या विवेचनासाठी सुरत शहर मध्यवर्ती धरले आहे. मराठी वाचकाला सुरत परिचित आहे ती शिवकालीन इतिहासामुळे आणि अलीकडच्या काळात खानदेशातून लिंबायत, उधना या भागांत जाऊन स्थिरावलेल्या लाखो माणसांमुळे. मात्र स्त्रियांच्या देहावरील अधिकाराच्या इतिहासातही या शहराचे स्थान मोलाचे आहे, कारण मराठीतील पहिले जहाल स्त्रीवादी पुस्तक सुरतेतल्या एका खटल्यातून जन्मले, पतीच्या घरी जाण्यास न्यायालयात नकार देणाऱ्या मराठी स्त्रीने डॉक्टर होऊन दोन दशकांहून अधिक काळ येथेच काम केले, आणि एकविसाव्या शतकात मुलींच्या घटत्या संख्येचा प्रश्न ज्या जिल्ह्यांत तीव्रतेने दिसला त्यांतही सुरत आहे.

२

सुरतेतल्या सुधारणेच्या विचाराला आरंभापासून मराठी-गुजराती असे दुहेरी रूप होते. १८४४ साली दुर्गाराम मेहताजी यांनी येथे मानवधर्म सभा स्थापन केली, तेव्हा त्यांच्या सहकाऱ्यांत मराठीचे व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर हेही होते. दुर्गाराम मेहताजी विधवाविवाहाचे पुरस्कर्ते होते, आणि पुढच्या पिढीत सुरतेच्याच कवी नर्मदाशंकर यांनी तो विषय मोठ्या तडफेने मांडला. १८५६ च्या कायद्याने हिंदू विधवेचा पुनर्विवाह वैध ठरला होता. तरी उच्चवर्णीय घरांत तो जवळजवळ अशक्यच राहिला, आणि त्यामुळे बालवयात विधवा झालेल्या स्त्रीला गर्भ राहिला तर तिच्यापुढे गुपचूप गर्भपात, नवजात अर्भकाचा त्याग किंवा आत्मघात एवढेच मार्ग उरत. १८६० च्या भारतीय दंडसंहितेने गर्भपात हा गुन्हा ठरवला, आणि त्यात गर्भ पाडणाऱ्याइतकीच स्वतःचा गर्भ पाडणारी स्त्रीही शिक्षेस पात्र ठरली. जन्मल्यावर मूल मारले गेले तर तो अर्थातच खून होता. या सगळ्या व्यवस्थेत त्या गर्भाच्या पित्याचे नाव कोठेही येत नसे.

जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले, त्यामागे ही जाणीव होती. विधवेने येथे येऊन गुप्तपणे बाळंत व्हावे आणि मूल हवे तर न्यावे, नको तर ठेवून जावे, अशी त्यांची व्यवस्था होती. १८७५ मध्ये पंढरपुरात लालशंकर उमियाशंकर या गुजराती न्यायाधिकाऱ्याने प्रार्थना समाजाच्या आधाराने असेच गृह आणि अनाथालय उभे केले. या संस्थांनी कायदा बदलला नाही, परंतु शिक्षेऐवजी आसरा हे त्यांचे उत्तर पुढच्या दीडशे वर्षांच्या चळवळीसाठी दिशादर्शक ठरले.

१८८१ साली सुरत जिल्ह्यातील ओलपाड येथील विजयालक्ष्मी नावाची तरुण ब्राह्मण विधवा आपल्या नवजात मुलाच्या हत्येबद्दल दोषी ठरली आणि सुरतेच्या न्यायालयाने तिला फाशीची शिक्षा दिली. प्रकरण मुंबईला गेल्यावर फाशीची जागा काळ्या पाण्याने घेतली आणि पुढे ती शिक्षा कमी होत पाच वर्षांवर आली. दरम्यान वृत्तपत्रांतून स्त्रियांच्या ढळलेल्या नीतीवर ताशेरे झडू लागले, आणि ‘पुणे वैभव’सारख्या पत्राने तर एका स्त्रीच्या निमित्ताने सगळ्या स्त्रीजातीला दोषी धरले. या लिखाणाला उत्तर दिले ते वऱ्हाडातील बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे सत्यशोधक समाजाशी संबंधित होते, आणि त्या स्वतः घरातल्या बंदिस्तपणातून, परंतु वाचन-विचारांची तयारी करून लिहीत होत्या. त्यांचे ‘स्त्रीपुरुषतुलना’ हे पुस्तक १८८२ मध्ये पुण्यात छापले गेले. विजयालक्ष्मीची बाजू घेताना ताराबाईंनी गुन्हा घडला की नाही या प्रश्नापाशी न थांबता गुन्हा घडवणारी व्यवस्था कोणाची, असा प्रश्न विचारला: विधवेला पुनर्विवाह नाकारतो कोण, तिला फसवतो कोण, आणि ती पकडली गेल्यावर न्यायाधीश, संपादक आणि धर्मशास्त्री होऊन तिच्यावर निकाल देतो तोही कोण? जोतीरावांनी आपल्या ‘सत्सार’ या पुस्तिकेतून या पुस्तकाचा पक्ष घेतला, परंतु ताराबाईंचे दुसरे पुस्तक आले नाही, आणि हेही बरीच दशके विस्मरणात गेले. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणले आणि १९९४ मध्ये रोझालिंड ओ’हॅनलन यांच्या इंग्रजी अनुवादाने ते जगाच्या अभ्यासकांपुढे गेले.

प्रजनन-हक्कांच्या दृष्टीने या पुस्तकाचे महत्त्व असे की, स्त्रीच्या गर्भाविषयीचा निर्णय आणि त्या निर्णयाची शिक्षा या दोन्ही गोष्टी ज्या परिस्थितीतून उद्भवतात तिची जबाबदारी त्याने पुरुषांच्या सत्तेवर टाकली. निवडीचा प्रश्न परिस्थितीपासून तोडता येत नाही, हा विचार येथे प्रथम इतक्या स्पष्टपणे आला.

३

विजयालक्ष्मीच्या खटल्यानंतर तीन वर्षांनी मुंबईत दुसरा खटला उभा राहिला. रखमाबाई यांचे लग्न त्यांच्या अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी झाले होते. परंतु त्या सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी वाढल्या, शिकल्या, आणि वयात आल्यावर त्यांनी पतीच्या घरी जाण्यास नकार दिला. १८८४ मध्ये पतीने वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेसाठी, म्हणजे पत्नीने आपल्याकडे येऊन नांदावे असा हुकूम मिळवण्यासाठी, दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला. परंतु अपिलानंतर प्रकरण पुन्हा चालले आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा निकाल दिला. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली, आणि १८८९ मध्ये त्या वैद्यकीय शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या.

या खटल्याचा संबंध बालविवाहाशी आणि १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याशी जोडण्याची प्रथा आहे, आणि ती योग्यच आहे. तथापि तो प्रजनन-हक्काचाही खटला होता, कारण संमतीवाचून सहवास सक्तीचा ठरला तर गर्भधारणाही सक्तीची ठरते, आणि लग्न झाले म्हणजे पुढच्या सगळ्याला संमती मिळाली असे मानणाऱ्या कायद्याला रखमाबाईंनी भर न्यायालयात आव्हान दिले होते. वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेची तरतूद हिंदू विवाह कायद्यात आजही शिल्लक आहे, आणि प्रौढ पत्नीवरील बळजबरी फौजदारी कायद्यात बलात्काराच्या व्याख्येतून वगळलेलीच आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे हा खटला किती अपुरा सुटला आहे ते कळते.

डॉक्टर होऊन परतल्यावर रखमाबाई १८९५ च्या सुमारास सुरतेच्या स्त्रियांच्या दवाखान्यात रुजू झाल्या आणि दोन दशकांहून अधिक काळ तेथेच राहिल्या. पुढे त्या राजकोटला गेल्या. बाळंतपणासाठी दवाखान्याची पायरी चढणे हे अपमानाचे किंवा अशुभाचे मानणाऱ्या समाजात, प्लेगच्या साथीच्या वर्षांतही टिकून, त्यांनी स्त्रियांचा विश्वास मिळवला. खटल्यात त्यांनी जो अधिकार शब्दांनी मागितला होता, त्यासाठी लागणारे सुरक्षित बाळंतपण, विश्वासू स्त्री-डॉक्टर आणि उपचाराची खाजगी जागा या गोष्टी त्यांनी सुरतेत प्रत्यक्ष उभ्या केल्या. हक्क आणि सेवा यांना वेगळे मानणाऱ्या आजच्या धोरणकर्त्यांना या कारकिर्दीतून पुष्कळ शिकता येईल.

४

विसाव्या शतकात प्रश्नाचे रूप बदलले. गर्भधारणा टाळण्याची साधने उपलब्ध होऊ लागली आणि ती स्त्रियांपर्यंत कोणत्या कारणासाठी पोहोचवावीत याविषयी वाद सुरू झाला. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. अश्लीलतेच्या खटल्यांना तोंड देताना त्यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसारखा वकील लाभला. कर्व्यांचे वैशिष्ट्य असे की, त्यांनी स्त्रीच्या कामसुखाचाही उघड विचार केला आणि संततिनियमनाला केवळ दारिद्र्य हटवण्याचे साधन मानले नाही. १९२७ मध्ये पुण्यात पहिले अधिवेशन भरवणाऱ्या अखिल भारतीय महिला परिषदेने १९३५ च्या अखेरीस मार्गारेट सँगर यांना निमंत्रित करून संततिनियमनाला पाठिंबा दिला, तर त्याच दौऱ्यात वर्ध्याला महात्मा गांधींनी सँगर यांच्याशी बोलताना कृत्रिम साधनांना विरोध करून संयमाचा मार्ग सुचवला. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधिमंडळात आंबेडकरांच्या वतीने पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाच्या प्रचारासाठी ठराव मांडला. त्यात स्त्रीच्या आरोग्याचा आणि नको असलेली गर्भधारणा टाळण्याच्या तिच्या मोकळिकीचा विचार होता. ठराव फेटाळला गेला. पुण्यात शकुंतला परांजपे यांनी याच काळात कुटुंबनियोजनाचे काम हाती घेतले आणि पुढे विधान परिषद व राज्यसभेपर्यंत नेले.

या पिढीचे धैर्य मोठे होते, परंतु तिच्या विचारात दोन प्रवाह मिसळलेले होते. स्त्रीला तिच्या देहावर ताबा हवा हा त्यांतला एक होता, आणि देशाची लोकसंख्या, विशेषतः गरिबांची, कमी व्हावी हा दुसरा. स्वातंत्र्यानंतरच्या राज्यसंस्थेने यांतला दुसरा प्रवाह उचलला. १९५२ मध्ये सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रम सुरू झाला. १९६४ मध्ये शांतिलाल शाह समिती नेमली गेली, आणि असुरक्षित गर्भपातांत मरणाऱ्या स्त्रियांचा विचार करून तिने केलेल्या शिफारशींवरून १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा झाला. या कायद्याने असंख्य जीव वाचवले हे निर्विवाद आहे. मात्र त्याची रचना हक्काची नव्हती: दंडसंहितेतील गुन्हा तसाच राहिला, काही अटी पाळून गर्भपात करणाऱ्या डॉक्टरला संरक्षण मिळाले, आणि अट पूर्ण झाली की नाही हे ठरवण्याचे काम स्त्रीऐवजी डॉक्टरच्या मताकडे गेले. गर्भनिरोधक निकामी ठरल्याचे कारण त्या कायद्यात विवाहित स्त्रीपुरतेच मान्य होते. त्यामागची लोकसंख्यानियंत्रणाची दृष्टी लपून राहत नाही.

ती दृष्टी आपल्या टोकाला पोहोचली आणीबाणीत. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८२ लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यांतल्या सुमारे तीनचतुर्थांश पुरुषांच्या होत्या, आणि महाराष्ट्र विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचे विधेयकही संमत केले, जे राष्ट्रपतींच्या मंजुरीअभावी अमलात आले नाही. १९७७ च्या निवडणुकीत मतदारांनी या सक्तीला उत्तर दिले. त्यानंतर सरकारने पुरुषांना हात लावण्याचे सोडले आणि कार्यक्रमाचा सगळा भार स्त्रियांवर आला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्त्री-नसबंदीचे प्रमाण ३७.९ टक्के आणि पुरुष-नसबंदीचे ०.३ टक्के आढळले, यामागे हा इतिहास आहे.

५

१९७५ च्या ऑक्टोबरात पुण्यात भरलेली स्त्रीमुक्ती संघर्ष परिषद आणि १९८० मध्ये मथुरा बलात्कार प्रकरणातून देशभर उसळलेले आंदोलन यांनी पश्चिम भारतात स्वायत्त, म्हणजे राजकीय पक्षांच्या ताब्याबाहेरच्या, स्त्री-संघटनांची पिढी घडवली. मुंबईत स्त्री मुक्ती संघटना, पुण्यात विद्या बाळ यांचा नारी समता मंच, अहमदाबादेत इला पाठक यांची ‘आवाज’, वडोदऱ्यात तृप्ती शाह आणि सहकाऱ्यांची ‘सहियर’ या संघटना या काळातल्या आहेत. ज्योती म्हापसेकर यांच्या ‘मुलगी झाली हो’ या नाटकाने १९८३ पासून मुलीच्या जन्माचा प्रश्न महाराष्ट्राच्या गावोगावी नेला.

या संघटनांपुढे नवीन संकट उभे राहिले ते तंत्रज्ञानाच्या रूपाने. गर्भजलपरीक्षा, म्हणजे गर्भाशयातील पाणी सुईने काढून गर्भातील दोष तपासण्याची पद्धत, भारतात १९७० च्या दशकाच्या मध्यास आली आणि तिचा उपयोग लवकरच मुलीचा गर्भ ओळखण्यासाठी होऊ लागला. १९७८ मध्ये सरकारी रुग्णालयांत त्यावर बंदी आली, त्यामुळे ती चाचणी खाजगी दवाखान्यांत गेली. १९८२ मध्ये अमृतसरच्या एका दवाखान्याची जाहिरात गाजल्यावर स्त्री-संघटनांचा निषेध सुरू झाला. १९८५-८६ मध्ये मुंबईत गर्भलिंगनिदान आणि लिंगनिवड यांच्याविरुद्ध एक व्यापक मंच स्थापन झाला, ज्यात स्त्री-संघटना, लोकविज्ञान चळवळीतले कार्यकर्ते, डॉक्टर आणि वकील एकत्र आले. विभूती पटेल, आर. पी. रवींद्र, मनीषा गुप्ते, अमर जेसानी, लता प्रतिभा मधुकर अशा अनेकांचा त्यात सहभाग होता. १९८६ मध्ये डॉ. संजीव कुलकर्णी यांनी मुंबईतील ५० स्त्रीरोगतज्ज्ञांची पाहणी केली, तीत ४२ जण लिंगनिदानासाठी गर्भजलपरीक्षा करत असल्याचे दिसले. दवाखान्यांपुढे निदर्शने, शाळा-महाविद्यालयांत व्याख्याने, लेख, पथनाट्ये आणि विधानसभेत मृणाल गोरे यांच्यासारख्या लोकप्रतिनिधींनी लावून धरलेला प्रश्न यांच्या जोरावर १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशातला पहिला गर्भलिंगनिदानविरोधी कायदा केला. १९९४ चा केंद्रीय कायदा त्याच्या मागोमाग आला आणि १ जानेवारी १९९६ पासून लागू झाला. तो कागदावरच राहतो आहे असे दिसल्यावर २००० साली ‘सेहत’ आणि ‘मासूम’ या महाराष्ट्रातील संस्था व साबू जॉर्ज यांनी सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका, म्हणजे सार्वजनिक हितासाठी कोणीही नागरिक करू शकेल असा अर्ज, दाखल केली. तिच्या सुनावणीतून सोनोग्राफी यंत्रांची नोंदणी सक्तीची झाली आणि २००३ मध्ये कायदा अधिक कडक झाला.

याच वर्षांत दुसरी आघाडीही लढली जात होती. नेट-एन हे दोन महिन्यांनी टोचायचे संप्रेरकयुक्त गर्भनिरोधक हैदराबादजवळच्या एका गावात स्त्रियांना पुरेशी माहिती न देता चाचणीसाठी दिले जात असल्याचे उघडकीस आल्यावर हैदराबादची स्त्री शक्ती संघटना आणि दिल्लीची ‘सहेली’ यांनी १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. दंडाच्या कातडीखाली बसवायच्या नॉरप्लांटला आणि डेपो-प्रोव्हेरा इंजेक्शनलाही मुंबईच्या आरोग्य-गटांनी विरोध केला. गर्भनिरोधनाचे साधन स्त्रीला हवे तेव्हा थांबवता आले पाहिजे, त्याच्या परिणामांची जबाबदारी कोणीतरी घेतली पाहिजे आणि लक्ष्यपूर्तीसाठी तिचा देह वापरला जाता कामा नये, एवढीच त्यांची मागणी होती.

६

चळवळीपुढचा सगळ्यात अवघड वैचारिक प्रश्न याच टप्प्यावर उभा राहिला. गर्भपात हा स्त्रीचा अधिकार असेल, तर मुलीचा गर्भ काढण्याचा निर्णय तिचाच का मानू नये? आणि तो निर्णय रोखायचा असेल, तर गर्भपाताच्या अधिकाराला धक्का न लावता कसा रोखायचा? १९८० च्या दशकातल्या कार्यकर्त्यांनी यावर काढलेले उत्तर आजही मोलाचे आहे. त्यांनी विरोध केला तो लिंगनिदानाला, गर्भपाताला नव्हे. म्हणजे गर्भ ठेवायचा की नाही हा प्रश्न स्त्रीकडे राहू दिला, आणि कोणते मूल जगायला लायक आहे हे गर्भातच ठरवण्याचा व्यवसाय रोखण्याची मागणी केली. त्यांचे म्हणणे असे की, मुलगा झाला नाही तर टाकून दिली जाण्याची, सवत आणली जाण्याची किंवा मार खाण्याची भीती ज्या स्त्रीला आहे तिच्या होकाराला निवड म्हणता येत नाही. म्हणून शिक्षा व्हावी ती चाचणी करणाऱ्याला आणि करवून घेणाऱ्या कुटुंबाला. महाराष्ट्राच्या १९८८ च्या कायद्यात स्त्रीलाही दंडाची तरतूद होती, आणि चळवळीने तिला हरकत घेतली होती. ताराबाईंनी विजयालक्ष्मीविषयी जे म्हटले त्याचाच हा पुढचा टप्पा होता.

हा तोल राखणे मात्र पुढे कठीण झाले. सरकारी मोहिमांनी भ्रूणहत्या हा शब्द रूढ केला, आणि त्यामुळे लिंगनिवड आणि गर्भपात यांच्यातली रेघ लोकांच्या मनात पुसट झाली. महाराष्ट्रासह अनेक राज्यांत गर्भपाताच्या गोळ्या ठेवणे औषध-दुकानदारांना जोखमीचे वाटू लागले, आणि बाराव्या-तेराव्या आठवड्यानंतर येणाऱ्या स्त्रीकडे काही डॉक्टर संशयाने पाहू लागले, जरी गोळ्या ज्या आठवड्यांत घेतल्या जातात तेव्हा सोनोग्राफीने लिंग खात्रीने कळत नाही. मुलींना वाचवण्यासाठी आणलेल्या यंत्रणेने स्त्रियांचाच मार्ग अडवावा, ही या इतिहासातली सर्वांत वेदनादायक गोष्ट आहे, आणि ती टाळण्यासाठी चळवळीला आपले मूळ तत्त्व पुन्हा पुन्हा सांगावे लागत आहे.

न्यायालयांची भाषा या काळात पुढे सरकली आहे. २००९ मध्ये सुचिता श्रीवास्तव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मूल होऊ देण्या-न देण्याची निवड ही संविधानाच्या एकविसाव्या अनुच्छेदातील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानली. गर्भपात कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीने काही गटांतील स्त्रियांसाठी मुदत २४ आठवड्यांपर्यंत वाढली आणि विवाहित असण्याची अट ढिली झाली. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालाने अविवाहित स्त्रियांनाही तीच मुदत दिली. ऑगस्ट २०२३ मध्ये गुजरातमधील एका अत्याचारित स्त्रीचे प्रकरण उच्च न्यायालयात दिवसांमागून दिवस लांबल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने तीव्र नापसंती व्यक्त करून तिला गर्भपाताची परवानगी दिली. तरीही मूळ चौकट बदललेली नाही: २०२३ च्या भारतीय न्याय संहितेतही गर्भपात हा गुन्हाच आहे, आणि वैद्यकीय कायदा हा त्याला अपवाद आहे.

७

या सगळ्याची आजची कसोटी सुरतेत लागते. २०११ च्या जनगणनेत सुरत जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ७८७ स्त्रिया होत्या. या आकड्याचे मोठे कारण यंत्रमाग आणि हिऱ्यांच्या उद्योगासाठी एकट्याने आलेले पुरुष कामगार हे आहे. परंतु बाल लिंग गुणोत्तर, म्हणजे सहा वर्षांपर्यंतच्या वयात दर हजार मुलग्यांमागे असलेल्या मुली, हा आकडा अशा स्थलांतराने फारसा समजावता येत नाही, आणि तो येथे ८३५ होता, तर गुजरात राज्याचा ८९० आणि महाराष्ट्राचा ८९४ होता. देशाचे बाल लिंग गुणोत्तर १९९१ मध्ये ९४५, २००१ मध्ये ९२७ आणि २०११ मध्ये ९१८ असे घसरत गेले. शिक्षण वाढले, पैसा आला, की मुलीला जागा मिळते, या समजुतीला सुरतेसारखे संपन्न शहर उत्तर देते: संपत्तीने कुटुंब लहान केले, आणि लहान कुटुंबात मुलगा हवाच हा हट्ट अधिक टोकदार झाला. त्यात २००५ मध्ये गुजरातने, महाराष्ट्राप्रमाणेच, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या उमेदवारांसाठी दोन अपत्यांची अट घातली. अपत्यसंख्या सरकारने बांधायची आणि मुलग्याची सक्ती कुटुंबाने करायची, अशा दोन्ही दाबांखाली निवडून येऊ पाहणारी स्त्री सापडली.

शहराच्या संपन्नतेबाहेरही हाच प्रश्न वेगळ्या रूपात आहे. बारडोली आणि आसपासच्या साखर कारखान्यांसाठी धुळे-नंदुरबारकडून आणि डांगातून दर हंगामात ऊसतोड मजूर येतात; डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७० च्या दशकात केलेल्या त्यांच्या अभ्यासाने हे जीवन प्रथम जगापुढे आले. कोयता, म्हणजे एकत्र राबणारे नवरा-बायकोचे जोडपे हे येथे मजुरीचे एकक असल्याने, गरोदरपणात किंवा पाळीच्या दिवसांत स्त्रीने विश्रांती घेतली तर दोघांचीही मजुरी बुडते. महाराष्ट्रात बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने चौकशी केली, तेव्हा पाहिलेल्या ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्या शस्त्रक्रियांवर स्त्रियांच्या संमतीच्या सह्या असतील. परंतु उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली मजुरी, फेडण्याचे ओझे, पाणी-संडासाशिवायचा तळ आणि दवाखान्यातून मिळालेली कर्करोगाची भीती यांच्यामध्ये दिलेल्या संमतीला स्वातंत्र्य म्हणता येणार नाही. सुरतेत घरोघरी साड्यांवर टिकल्या-लेस लावणाऱ्या स्त्रियांनाही बाळंतपणाची रजा देणारा मालक कायद्याच्या नजरेत सापडत नाही.

सुरतेत मुंबईसारखे मोठे आंदोलन उभे राहिले नाही, ही वस्तुस्थिती आहे. मोसमी, परप्रांतीय आणि घरबसल्या श्रमावर चालणाऱ्या शहरात स्त्रियांना एकत्र येण्याची जागाच कमी असते, हे त्याचे एक कारण मानता येईल. म्हणूनच येथील अभ्यासातून चळवळीची पुढची दिशा अधिक स्पष्ट दिसते. गर्भपाताला गुन्ह्याच्या कलमातून बाहेर काढून आरोग्यसेवेच्या कायद्यात आणणे, लिंगनिवडीविरुद्धची कारवाई दवाखाने आणि कुटुंबांवर रोखताना स्त्रीची सेवा अबाधित ठेवणे, दोन अपत्यांसारख्या अटी रद्द करणे, नसबंदीचा भार पुरुषांनी वाटून घेणे, आणि ऊसतोड व घरबसल्या काम करणाऱ्या स्त्रियांना वेतनासह बाळंतपणाची रजा मिळवून देणे, या मागण्या एकमेकींपासून सुट्या करता येत नाहीत, कारण त्यांपैकी एक जरी गाळली तरी निर्णय पुन्हा नवरा, डॉक्टर, मुकादम किंवा सरकार यांपैकी कोणाच्या तरी हाती जातो. विधवेला फाशी सुनावणारा न्यायाधीश, नसबंदीचे लक्ष्य गाठणारा अधिकारी आणि मुलग्यासाठी सोनोग्राफी करवणारे कुटुंब हे एकमेकांहून कितीही वेगळे दिसले, तरी स्त्रीच्या गर्भाविषयी तिच्यावाचून ठरवण्याचा अधिकार आपल्याला आहे हे तिघांनीही गृहीत धरले. ते गृहीतक मोडणे हे या चळवळीचे काम आहे, आणि पुढील प्रत्येक कायदा, योजना व न्यायनिर्णय याच कसोटीवर तपासला गेला पाहिजे.